‘मूव्ह ऑन टू द नेक्स्ट फेज’: पुढच्या टप्प्याबद्दल इंग्रजीत लिहिताना-बोलताना

नव्या नोकरीत रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात हा वाक्प्रयोग कानावर आदळतो. सोमवारच्या मीटिंगमध्ये, क्लायंटला जाणाऱ्या स्टेटस मेलमध्ये, एचआरच्या निरोपात, सगळीकडे कुणी ना कुणी ‘नेक्स्ट फेज’ला, ‘नेक्स्ट स्टेज’ला किंवा ‘नेक्स्ट स्टेप’ला चाललेलं असतं. ऐकताना अर्थ कळतो. स्वतः लिहायची वेळ आली की मात्र ‘वी विल मूव्ह इन नेक्स्ट स्टेप’, ‘वी हॅव रीच्ड टू टेस्टिंग’, ‘एंटर्ड इंटू द फेज टू’ अशी वाक्यं उतरतात. समोरच्याला मतलब कळतो, म्हणून तो दुरुस्त करत नाही, आणि तेच वाक्य पाच वर्षं तसंच चालू राहतं.

मी मराठी माध्यमातला. नव्या मुलांचे मेल बाहेर जाण्याआधी डोळ्यांखालून घालणं हा आता माझ्या कामाचा भाग आहे. त्यात जे पुन्हा पुन्हा दिसतं ते इथे क्रमानं मांडतो. ही माणसं व्याकरणात कच्ची नसतात. मराठी विभक्तीचा प्रत्यय इंग्रजीत तसाच उचलला जातो, आणि बहुतेक चुकांचं मूळ तिथेच असतं.

आधी हे जवळ ठेवा

- एक लर्नर्स डिक्शनरी. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांच्याही इंटरनेटवर फुकट आहेत. साधा इंग्रजी-मराठी शब्दकोश अर्थ सांगतो. कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो हे लर्नर्स डिक्शनरीतल्या उदाहरणांत दिसतं, आणि आपल्याला हवं आहे तेच.
- तुमच्या ‘सेंट’ फोल्डरमधले अलीकडचे दहा-पंधरा मेल.
- कोणत्याही इंग्रजी वर्तमानपत्राचं क्रीडा पान. ‘पुढच्या फेरीत गेले’ हे जितक्या तऱ्हांनी म्हणता येईल तितक्या तऱ्हांनी तिथे रोज छापून येतं.
- यूग्लिश ही वेबसाइट. वाक्प्रयोग टाकला की तो जिथे जिथे उच्चारला गेला आहे असे यूट्यूबचे तुकडे ती ऐकवते.

भाषांतराचं अ‍ॅप या यादीत मुद्दाम नाही. ‘टप्पा’ एवढंच टाकलं की ते काहीतरी एक शब्द देतं. तुमचा टप्पा कोणत्या जातीचा आहे हे त्याला ठाऊक नसतं.

## १. टप्पा कोणत्या जातीचा, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपला ‘टप्पा’ फार उदार शब्द आहे. निवडणुकीचा टप्पा, बांधकामाचा टप्पा, पालखीच्या वाटचालीतला टप्पा, एसटीच्या भाड्याचा ६ किलोमीटरचा टप्पा, शिवाय गोलंदाजाचा टप्पा. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून एकच शब्द नाही आणि अदलाबदल केली की वाक्य ऐकायला विचित्र लागतं.

स्टेप म्हणजे तुम्ही करायची एखादी कृती. फॉर्म भरणे, फाइल अपलोड करणे, सही घेणे. म्हणून स्टेपनंतर बहुतेक वेळा क्रियापद येतं: ‘द नेक्स्ट स्टेप इज टू अपलोड द डॉक्युमेंट्स.’ तीन महिने चालणाऱ्या कामाला स्टेप म्हणू नका.

स्टेज म्हणजे क्रमातली एक जागा. गाडी कुठवर आली, या प्रश्नाचं उत्तर. एमपीएससीच्या पूर्व, मुख्य आणि मुलाखत या स्टेजेस. पीएसएलव्ही रॉकेटला चार स्टेजेस असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेचे ५+३+३+४ असे जे चार भाग केले आहेत त्यांनाही तिथे स्टेजच म्हटलं आहे. आणि गाड्यांच्या प्रदूषणाचं ‘बीएस’ म्हणजे ‘भारत स्टेज’. आपण १ एप्रिल २०२० ला बीएस-फोरवरून थेट बीएस-सिक्सवर गेलो, मधला पाचवा टप्पा गाळला. याचं इंग्रजी पाठच करून ठेवा, उपयोगी पडतं: ‘इंडिया स्किप्ड अ स्टेज अँड मूव्ह्ड स्ट्रेट टू बीएस-सिक्स.’

फेज म्हणजे कालखंड. त्याला सुरुवात आणि शेवट असतो, आणि त्या काळात कामाचं स्वरूप आधीपेक्षा वेगळं असतं. २०२४ ची लोकसभा निवडणूक १९ एप्रिल ते १ जून अशी सात फेजेसमध्ये झाली. महाराष्ट्रातल्या ४८ जागांचं मतदान त्यातल्या पहिल्या पाच फेजेसमध्ये आटोपलं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे भाग जून २०२५ मध्ये. अशा वेळी म्हणायचं ‘द हायवे वॉज ओपन्ड इन फेजेस.’

राउंड जिथे निवड किंवा गाळणी आहे तिथे. इंटरव्ह्यूचा राउंड, इंजिनिअरिंग प्रवेशाचा कॅप राउंड. इथे एक फसवी जागा आहे: क्रिकेटमधली साखळी फेरी म्हणजे ‘ग्रुप स्टेज’ आणि बाद फेरी म्हणजे ‘नॉकआउट स्टेज’. मराठीत ‘फेरी’ आहे म्हणून तिथे राउंड लावू नका.

लेव्हल म्हणजे उंची, पायरी. पुण्यात जपानी शिकणारी मुलं एन-फाइव्हवरून एन-फोरला जातात, जर्मनवाली ए-वनवरून ए-टूला. इथे क्रियापदात ‘अप’ हवा: ‘शी मूव्ह्ड अप टू एन-फोर.’ ‘मूव्ह ऑन’ चुकीचं नाही, पण चढ दाखवायचा तर ‘अप’.

लेग म्हणजे प्रवासाचा तुकडा. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा दिवे घाटातून जाणारा पुणे-सासवड टप्पा इंग्रजीत ‘द पुणे-सासवड लेग’. तिथे फेज म्हणालात तर ऐकणाऱ्याला नगरपालिकेची पाण्याची योजना आठवेल.

ऑफिसच्या प्रोजेक्टमध्ये स्टेज आणि फेज बऱ्याचदा एकमेकांच्या जागी चालतात, त्यावर डोकं शिणवू नका. तुमच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये जो शब्द छापला आहे तोच वापरा. एकाच मेलमध्ये वर ‘डिझाइन फेज’ आणि खाली ‘डिझाइन स्टेज’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

काही जोड्या मात्र पक्क्या आहेत, तिथे पर्याय नाही. औषधाच्या चाचण्यांना फेज: फेज वन, फेज टू, फेज थ्री. कॅन्सरला स्टेज. चंद्राच्या कलांना फेजेस. आणि विजेचा सिंगल फेज, थ्री फेज हा तर वेगळाच मामला. शेतीपंपामुळे तो गावोगावी तोंडात आहे, पण त्याचा टप्प्याशी संबंध नाही.

## २. क्रियापद निवडा: हलताय, पोचताय की निभावताय?

मूव्ह ऑन टू म्हणजे मागचं संपवून पुढचं हाती घेणं. मागचं अजून चालू असेल तर हे वापरू नका. डिझाइनवर काम चालूच आहे आणि तुम्ही लिहिलंत ‘वी हॅव मूव्ह्ड ऑन टू टेस्टिंग’, की क्लायंट डिझाइन पूर्ण झालं असं धरून चालतो. दोन्ही समांतर असतील तर सरळ ‘वी हॅव स्टार्टेड टेस्टिंग’ लिहा.

प्रोसीड टू तेच काम करतं, पण कोट घालून. सरकारी पत्र, टेंडर, बँक, अशा ठिकाणी शोभतं. त्याचा भाऊ प्रोसीड विथ वेगळा: त्याचा अर्थ ठरलेलं काम सुरू करणं, पुढे चालवणं. ‘प्लीज प्रोसीड विथ द पेमेंट’ म्हणजे पेमेंट करून टाका.

अ‍ॅडव्हान्स टू, क्वालिफाय फॉर, मेक इट टू, थ्रू टू हे स्पर्धेतले. क्रीडा पान यासाठीच ठेवायला सांगितलं. ‘क्वालिफाय’ला ‘फॉर’ लागतो आणि ‘शॉर्टलिस्टेड’लाही: ‘शॉर्टलिस्टेड फॉर द नेक्स्ट राउंड’. आपल्याकडे प्रिलिम्स ‘क्लिअर’ करतात. भारतात ते सर्रास चालतं, बाहेरच्या माणसाला लिहिताना ‘पास्ड’ लिहा.

प्रोग्रेस टू साधारणपणे चांगल्या अर्थानं येतं, एक मोठा अपवाद सोडून. हॉस्पिटलच्या रिपोर्टवर ‘डिझीज प्रोग्रेशन’ किंवा ‘द डिझीज हॅज प्रोग्रेस्ड’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ आजार वाढला. घरातलं कुणी ‘प्रोग्रेस’ वाचून हायसं वाटून घेतं. घरच्यांसाठी रिपोर्ट वाचायची वेळ तुमच्यावर आली तर एवढं ध्यानात असू द्या.

नुसतं मूव्ह ऑन हेही जपून वापरा. मीटिंगमध्ये ‘लेट्स मूव्ह ऑन’ म्हणजे हा विषय पुरे, आणि ते बोलण्याचा मान बहुधा मीटिंग चालवणाऱ्याचा असतो. नवख्यानं वरिष्ठाचं बोलणं चालू असताना ते म्हटलं तर उद्धट लागतं. ‘शॅल वी मूव्ह ऑन टू द नेक्स्ट पॉइंट?’ असं विचारलं तर लागत नाही. माणसाबद्दल ‘ही हॅज मूव्ह्ड ऑन’ म्हटलं तर तो नोकरी सोडून गेला, किंवा जुनं प्रेमप्रकरण मागे टाकून सावरला, असा अर्थ निघतो.

लिहिताना ‘ऑन’ आणि ‘टू’ वेगळे ठेवा. ‘ऑन’ हा ‘मूव्ह’चा आहे. जोडून ‘ऑनटू’ केला की एखाद्या वस्तूवर चढल्यासारखा अर्थ होतो. वर्ड ही चूक दर वेळी पकडत नाही.

## ३. ‘-त’ म्हणजे दर वेळी ‘इन’ नव्हे

‘पुढच्या टप्प्यात गेलो’ यातला ‘त’ आपल्याला ‘इन’कडे ढकलतो आणि ‘टप्प्याला पोचलो’ यातला ‘ला’ आपल्याला ‘टू’कडे. दोन्हीकडे फसगत होते.

जाणं दाखवायचं तर ‘टू’ किंवा ‘इंटू’: ‘मूव्ह टू’, ‘मूव्ह ऑन टू’, ‘मूव्ह इंटू द नेक्स्ट फेज’. ‘मूव्ह इन’ म्हणजे नव्या घरात राहायला जाणं.

‘रीच’ आणि ‘एंटर’ या दोघांना मधला शब्दच लागत नाही. ‘वी हॅव रीच्ड द टेस्टिंग स्टेज.’ ‘वी हॅव एंटर्ड द सेकंड फेज.’ ‘एंटर इंटू’ इंग्रजीत आहे, पण ते करारासाठी: ‘एंटर इंटू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट’. भाड्याच्या घराचा लीव्ह अँड लायसन्स करार उघडून पाहा, तिथे सापडेल.

‘टप्प्यावर आहोत’, ‘टप्प्यात आहोत’ हे सांगताना स्टेजला ‘अ‍ॅट’, फेजला ‘इन’. ‘अ‍ॅट धिस स्टेज’, ‘इन धिस फेज’. हे का, तर स्टेज जागा आहे आणि फेज कालखंड. अनेकवचनात मात्र स्टेजलाही ‘इन’ लागतो: ‘इन द अर्ली स्टेजेस’. ‘अ‍ॅट धिस स्टेज’चा व्यवहारातला अर्थ बऱ्याचदा फक्त ‘सध्या तरी’ एवढाच असतो. एचआरनं ‘वी कॅनॉट कन्फर्म अ‍ॅट धिस स्टेज’ लिहिलं तर त्यात कुठलीही स्टेज शोधू नका.

## ४. ‘द’ कुठे आणि कुठे नाही

मराठीत या जातीचा शब्दच नाही, त्यामुळे हा कान घडवावा लागतो. निदान या वाक्प्रयोगापुरते नियम थोडे आहेत.

‘नेक्स्ट फेज’, ‘सेकंड फेज’, ‘फायनल स्टेज’ यांच्या आधी ‘द’ हवाच. आकडा मागे आला की ‘द’ जातो: ‘फेज टू’, ‘स्टेज थ्री’. म्हणजे ‘द सेकंड फेज’ बरोबर, ‘फेज टू’ बरोबर, ‘द फेज टू’ चूक. आकड्यासह ते नाव होतं म्हणून ‘फेज टू’मधला पी कॅपिटल लिहायची रीत बऱ्याच कंपन्यांत आहे, ‘द सेकंड फेज’मध्ये तो लहानच.

गोंधळ उडतो तो ‘नेक्स्ट वीक’मुळे. आजपासून मोजलेल्या येत्या आठवड्याला, महिन्याला, सोमवारला ‘द’ लागत नाही. दोन्ही नियम एकाच वाक्यात बसतात, तेवढं वाक्य पाठ करा: ‘वी विल स्टार्ट द नेक्स्ट फेज नेक्स्ट वीक.’

## ५. काळ

‘काल’, ‘सोमवारी’, ‘गेल्या महिन्यात’ असं वेळेचं बोट धरलं की साधा भूतकाळ: ‘वी मूव्ह्ड टू टेस्टिंग ऑन मंडे.’ वेळ सांगायची नसेल आणि सध्याची स्थिती सांगायची असेल तर ‘वी हॅव मूव्ह्ड टू टेस्टिंग.’ दोन्हींची खिचडी, म्हणजे ‘वी हॅव मूव्ह्ड यस्टर्डे’, नको.

अटीच्या वाक्यात ‘वन्स’नंतर ‘विल’ घालायचा मोह होतो, कारण काम अजून व्हायचं असतं. तो टाळा. ‘वन्स द क्लायंट अप्रूव्ह्ज द डिझाइन, वी विल मूव्ह ऑन टू डेव्हलपमेंट.’ ‘विल’ फक्त दुसऱ्या भागात.

## ६. ‘फेज’ची भावंडं

‘गो थ्रू’ म्हणजे त्यातून जाणं, सोसणं. ‘एव्हरी अ‍ॅप्लिकेशन गोज थ्रू थ्री स्टेजेस’ हे निव्वळ वर्णन आहे. ‘ही इज गोइंग थ्रू अ डिफिकल्ट फेज’ म्हणजे त्याचे दिवस कठीण आहेत. ‘गेट थ्रू’ म्हणजे त्यातून पार पडणं. आणि तेरा-चौदा वर्षांचं पोर दार आपटून खोलीत जाऊन बसलं की इंग्रजी आईबाप म्हणतात ‘इट्स जस्ट अ फेज’: वय आहे, जाईल निघून. हे स्वतःच्या क्लायंटबद्दल कधीही लिहू नका. मी पाहिलेलं आहे.

‘फेज आउट’ म्हणजे टप्प्याटप्प्यानं बंद करणं, ‘फेज इन’ म्हणजे टप्प्याटप्प्यानं आणणं. एका झटक्यात बंद केलेल्या गोष्टीला ‘फेज आउट’ म्हणता येत नाही. ‘फेज-वाइज’ आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी पत्रकांत भरपूर दिसतं, ‘इन अ फेज्ड मॅनर’ही. भारतातल्या भारतात बिनधास्त लिहा. परदेशी क्लायंटला ‘इन फेजेस’ पुरेसं आहे, आणि ते आखूडही आहे.

‘न डगमगता’ या अर्थाचा ‘अनफेझ्ड’ हा शब्द फेजचा नातेवाईक नाही. त्याचं स्पेलिंग ‘एफ’नं सुरू होणाऱ्या ‘फेझ’वरून आहे. ‘पीएच’ घालून लिहिलेला तो लिंक्डइनवर रोज भेटतो.

## ७. बोलताना

‘फेज’मधला शेवटचा आवाज आपल्या ‘जीभ’मधल्या ज सारखा नाही, ‘झोप’मधला झ त्याच्या जवळ जातो. तो नीट आला नाही आणि ‘स’कडे झुकला तर ऐकणाऱ्याला ‘फेस’ ऐकू येतो आणि ‘नेक्स्ट फेस’ म्हणजे काय या विचारात तो पुढचं वाक्य हरवतो. फोनवर हे जास्त होतं.

‘मूव्ह्ड टू’ म्हणताना ‘मूव्हेड’ असा वेगळा अक्षराचा ठोका देऊ नका. त्यातला ड पुढच्या ट मध्ये विरघळतो, इंग्रजांचाही विरघळतो. आणि ‘स्टेज’च्या आधी ‘इ’ लावायची सवय असेल तर यूग्लिश लावून रोज दहा वेळा ऐका. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, जीभ ऐकून ऐकूनच वळते.

## ८. आता तुमचा मेल उघडा

‘सेंट’ फोल्डरमधून एखादा स्टेटस मेल घ्या. बहुतेक असा निघेल:

‘डिअर सर, डिझाइन इज डन. नाउ वी विल मूव्ह इन नेक्स्ट फेज. प्लीज डू द नीडफुल.’

इन आणि ‘द’ दुरुस्त केले तरी हा मेल लंगडाच राहतो. टप्पा बदलतोय असं कळवणाऱ्या मेलमध्ये वाचणाऱ्याला चार गोष्टी हव्या असतात: काय संपलं, आता काय सुरू होतंय, कधी, आणि त्यानं काय करायचं. शेवटची सांगितलीच नसेल तर ‘डू द नीडफुल’ वाचून तो काहीच करत नाही. तोच मेल असा लिहा:

‘डिअर मिस्टर अमुक, वी कम्प्लीटेड द डिझाइन फेज ऑन फ्रायडे. वन्स यू अप्रूव्ह द अटॅच्ड ड्रॉइंग्ज, वी विल मूव्ह ऑन टू डेव्हलपमेंट. टू स्टार्ट नेक्स्ट मंडे, वी नीड युअर अप्रूव्हल बाय थर्सडे.’

‘डेव्हलपमेंट’च्या आधी ‘द’ नाही हे बघा. कामाचं नाव नुसतं आलं तर ‘द’ नको. त्याला ‘फेज’ची शेपटी लावलीत तर ‘द डेव्हलपमेंट फेज’.

असे चार-पाच मेल दुरुस्त केलेत की स्वतःची ठरावीक खोड कोणती ते दिसेल. कुणाचा ‘द’ गळतो, कुणाचा ‘रीच’नंतर ‘टू’ येतो. ती एकच खोड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवा आणि पंधरवडाभर फक्त तिच्यावर लक्ष ठेवा. सगळ्या एकदम सुधारायला गेलात तर मेल लिहायला तास लागेल.

इंटरव्ह्यूसाठी वाचत असाल तर एक वाक्य तयार ठेवा, कारण ते शेवटी विचारण्याची वेळ हमखास येते: ‘कुड यू टेल मी व्हॉट द नेक्स्ट स्टेप्स आर?’ इथे राउंड किंवा फेज नको, ‘स्टेप्स’च, अनेकवचनात. आणि ‘आर’ शेवटी. ‘व्हॉट आर द नेक्स्ट स्टेप्स’ हे सुटं विचारलं तर बरोबर; ‘कुड यू टेल मी’च्या मागे आलं की ‘आर’ शेवटाला सरकतो.